देशांतर आणि सात्म्य : धामणकर नाक्यावरील पदव्युत्तर दिवस

दरवर्षी आयुर्वेदाच्या पदव्युत्तर प्रवेशाची यादी लागली की आमच्या धामणकर नाक्यावरील चिकित्सालयात दोन-तीन तरी दूरध्वनी येतात. बोलणारे बहुधा पालक असतात. परभणी, वाशीम, नांदेड, धाराशिव या बाजूचे. मुलीला किंवा मुलाला मुंबईस जागा मिळालेली असते, वसतिगृहाचे निश्चित नसते आणि भिवंडीत भाडे त्यातल्या त्यात परवडते असे कोणीतरी सांगितलेले असते. "डॉक्टरसाहेब, आपल्या ओळखीत एखादी खोली आहे काय?" आम्ही पाहतो असे म्हणतो आणि लागलीच विचारतो, "घरी भाकरी खाता की पोळी?" पलीकडे क्षणभर शांतता पसरते. खोलीच्या चौकशीला भाकरीचे उत्तर कोणासही चमत्कारिकच वाटणार. हा प्रश्न आम्ही का विचारतो, ते आमच्या व्यवसायबंधूंपुढे एकदा मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही स्वतः २००४ साली कायचिकित्सा विषयात पदव्युत्तर अभ्यासासाठी मराठवाड्यातून आलो. महाविद्यालय मुंबईत, वसतिगृहात जागा नव्हती. आमच्याच बरोबर परभणीकडील एक सहाध्यायी द्रव्यगुण विभागात दाखल झाले होते. त्यांचे दूरचे मामा भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहीत. त्यांनी नाक्यावरून कामतघरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक खोली पाहून ठेवली होती. खाली मागांची शेड, वर दोन खोल्या, त्यातली एक आमची. सामान म्हणजे दोन वळकट्या, एक ट्रंक, चरकसंहितेचे दोन भाग, स्टोव्ह आणि आईने बांधून दिलेले ज्वारीचे पीठ. ते पीठ तिसऱ्या आठवड्यात संपले.

ज्यांनी भिवंडी केवळ महामार्गावरून जाताना पाहिली आहे त्यांना धामणकर नाका म्हणजे वाहतुकीची कोंडी एवढेच ठाऊक असते. प्रत्यक्षात हा नाका म्हणजे चार दिशांनी आलेल्या माणसांची एक पेठ आहे. एका अंगास पद्मानगरातील तेलुगू पद्मशाली विणकरांची वस्ती, दुसऱ्या अंगास उत्तर प्रदेश-बिहारकडील माग-कामगार, मूळचे कोकणी मुसलमान, आजूबाजूच्या गावांतील आगरी आणि कुणबी, शिवाय महाविद्यालयाच्या वेळेस बी.एन.एन. महाविद्यालयाकडे जाणारी मुले. येथे प्रत्येक जण कोठून ना कोठून तरी आलेला. त्यामुळे 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न येथे कोणी कुत्सितपणे विचारीत नाही. नव्या माणसाला ही मोठीच सवलत होती आणि आजही आहे.

मागांच्या आवाजाबद्दल लिहावयास हवे. पहिले चार-पाच दिवस आम्हांस झोप अशी लागलीच नाही. जमिनीतून येणारी ती खटखट कानापेक्षा हाडांना अधिक जाणवे. पुढे सवय इतकी जडली की आवाज थांबला की जाग येऊ लागली. तो काळ भारनियमनाचा होता. मध्यरात्री माग थांबले म्हणजे वीज गेली आणि पंखाही बंद झाला, हे झोपेतच कळे. पुढे २६ जानेवारी २००७ पासून येथील वीज वितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे गेले. परंतु तोवर आमचा अभ्यासक्रम संपत आला होता.

नाक्यापासून मुंबईला थेट लोकल नाही, ही येथे राहणाऱ्याच्या दिनचर्येतील कळीची बाब. भिवंडी रोड हे स्थानक अंजूरफाट्याजवळ आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर. त्यावरील गाड्या मोजक्या. त्यामुळे एक तर राजनोली, कोन, दुर्गाडीचा पूल या वाटेने सामायिक रिक्षाने कल्याण गाठावयाचे, नाही तर अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, बाळकुम या वाटेने बसने ठाणे, पुढे लोकल. एका बाजूस दोन तास धरूनच चालावे लागे. डिसेंबर २०१८ मध्ये ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन झाले आणि नाक्यावर तिचे खांब उभे राहिले, त्या खांबांकडे पाहताना आम्हांस आमचे ते चार तास आठवतात. सकाळी पाचला उठणे, साडेपाचला अर्धा कप चहा, सातच्या आत गाडीत. बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, ग्रंथालय. रात्री नऊच्या पुढे परत. आठवड्यातून दोनदा रात्रपाळी. चरकांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात विद्यार्थ्याने पहाटे उठून अध्ययन करावे असे सांगितले आहे. पहाटे आम्हीही उठत होतो, मात्र अध्ययनासाठी नव्हे, रिक्षेत चौथी जागा मिळावी म्हणून.

जेवणाची सोय भिशीत होती. महाराष्ट्रात इतरत्र भिशी म्हटले की दरमहा पैसे गोळा करून चिठ्ठी काढण्याची योजना डोळ्यांपुढे येते. भिवंडीत भिशी म्हणजे कामगारांची खाणावळ. एक लांब खोली, भिंतीला टेकून बसलेली माणसे, मोठ्या भट्टीवरचा भात, तव्यावरच्या जाड रोट्या, पातळ डाळ, बटाट्याची भाजी. पाळी संपवून आलेला कामगार आणि अर्धवट झोपेतला विद्यार्थी एकाच पंक्तीस. पैसे आठवड्याने किंवा पंधरवड्याने द्यावयाचे. एखाद्या वेळी थकले तरी ताट अडत नसे. त्या भिशीविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. तेथील अन्न वाईट नव्हते. ते आमचे नव्हते, एवढेच.

येथे शास्त्राकडे वळले पाहिजे. आहारविधीची जी आठ आयतने चरकांनी विमानस्थानाच्या प्रारंभीच सांगितली, त्यांत देश हे स्वतंत्र आयतन आहे आणि उपयोक्ता हे शेवटचे. ओकसात्म्य हे त्या उपयोक्त्यावर अवलंबून. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात तर देशोदेशींच्या लोकांना कोणते अन्न सात्म्य झालेले असते याची नोंदच आहे : कोणास मांस व गहू, कोणास मासे, कोणास दूध, दक्षिणेकडील लोकांस पेया, मध्यदेशीयांस यव-गोधूम आणि गोरस. हे वर्णन वाचताना विद्यार्थीदशेत आम्हांस भूगोलाचा धडा वाचल्यासारखे वाटे. परीक्षेत टीप लिहिण्यापुरते आम्ही ते पाठ केले. ग्रंथकार तेथे चिकित्सकाला सांगत आहेत की समोरचा माणूस ज्या देशातून आला त्याचे अन्न त्याच्या शरीराचे बल आहे आणि औषध योजताना त्या बलाचा विचार करावयाचा. हे आमच्या लक्षात आले तेव्हा फार उशीर झाला होता.

मराठवाडा हा बहुतांशी जांगल लक्षणांचा देश. पाऊस थोडा, वारा कोरडा, अन्न ज्वारीचे, तुरीचे, तिखट आणि तेलाचे. ठाणे जिल्ह्याचा हा खाडीकाठ आनूप. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, हवा सदैव दमट, अन्न तांदळाचे. परभणीचे पर्जन्यमान याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी सोळा-सतरा तासांच्या प्रवासात एका देशातून दुसऱ्या देशात येतो. त्याच आठवड्यात त्याचे अन्न बदलते, पाणी बदलते, झोपेची वेळ बदलते, मलमूत्रविसर्जनाची वेळ बदलते आणि आसपास बोलली जाणारी भाषाही बदलते. यांपैकी एखादा बदल घडलेला रुग्ण आमच्यासमोर बसला असता तर आम्ही हेतू म्हणून तो ठळक अक्षरांत लिहिला असता.

आमचा शोधप्रबंधाचा विषय ग्रहणी हा होता. तक्रप्रयोगाचे परिणाम पाहावयाचे होते. सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर आम्ही रुग्णपत्रक तयार केले : मलप्रवृत्ती कधी बद्ध कधी द्रव, आमगंध, मुखवैरस्य, अरुची, तृष्णा, बलक्षय. रात्री खोलीवर बसून ही कोष्टके आम्ही हाताने आखीत असू. आमचे सहाध्यायी भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. ते भिशीत येईनासे झाले होते. भूक नाही म्हणत. सकाळी चहाबरोबर दोन पाव आणि रात्री आणखी दोन, असे त्यांचे चालले होते. पहाटे त्यांना दोनदा-तीनदा खाली जावे लागे. स्वच्छतागृह शेडच्या मागे, सामायिक; कामगारांची रांग असे. गाडी चुकू नये म्हणून ते पुष्कळदा तसेच निघत. आम्हांस हे सर्व दिसत होते. नवीन जागा आहे, होईल सवय, असे आम्ही त्यांना सांगत होतो. आमच्या घरून प्रत्येक महिन्याला कोणी ना कोणी पीठ घेऊन येई, त्यांच्याकडे येणारे कोणी नव्हते; हा फरक तेव्हा मनात आलाच नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी नाक्यावर आसपासच्या पाड्यांतील आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, टाकळा, भारंगीचा पाला, करटोली. जून २००५ मधील एका रविवारी आम्ही दोघे तेथून जात असता सहाध्यायी एका फडक्यापाशी थबकले. पांढऱ्या फुलांचा ढीग होता. "हा कुडा," ते म्हणाले, "कुटज. आमच्या विभागात याचा नमुना दाबून ठेवला आहे मी. इथे भाजी करतात होय याची?" त्या बाईने फुले कशी उकळून, पिळून, कांद्यावर परतावयाची ते सांगितले. चक्रमर्द, भार्ङ्गी, कुटज असे एकापुढे एक पाहून आम्ही दोघेही विद्वानांसारखे खूश झालो. कुटज कोणत्या व्याधीवर वापरतात हे प्रथम वर्षाच्या मुलासही ठाऊक असते. त्या दोन रुपयांच्या वाट्यापुढे एक ग्रहणीवर प्रबंध लिहिणारा आणि एक ग्रहणीने झिजत चाललेला, असे दोन वैद्य उभे होते. फुलांचा वाटा न घेताच आम्ही पुढे निघालो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सर्वांस स्मरत असेल. त्या दिवशी आमची रात्रपाळी होती. आम्ही रुग्णालयातच अडकलो आणि पुढे दोन दिवस तेथेच राहिलो. एका परीने सुरक्षित होतो. कोरडे कपडे आणि आंतररुग्ण विभागातील खिचडी मिळत होती. सहाध्यायी दुपारीच निघाले होते. लोकल बंद पडल्यावर ते रुळांवरून, रस्त्यावरून, जसे जमेल तसे चालत राहिले. रात्र एका शाळेच्या ओट्यावर काढून दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते खोलीवर पोचले. इकडे कामवारीचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले होते आणि आमच्या खालची शेड बंद होती. आम्ही परतलो तेव्हा ते तापाने फणफणत होते. ताप चार दिवसांत उतरला. त्यानंतर मात्र त्यांच्या अंगात काही उरलेच नाही. मामांनी त्यांना गाडीत बसवून दिले. पंधरा दिवसांनी येतो असे सांगून गेलेले आमचे सहाध्यायी परत आले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी प्रवेश रद्द केल्याचे विभागातून समजले. चरकाचा दुसरा भाग त्यांचा होता. तो आमच्याकडेच राहिला.

वाग्भटांनी ऋतुसंधीचा विचार मांडला आहे. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांत पूर्वीचा विधी क्रमाने सोडावा आणि पुढचा क्रमाने स्वीकारावा. एकाएकी सोडण्याने वा एकाएकी धरण्याने असात्म्यज रोग उत्पन्न होतात, असा त्यांचा इशारा. ऋतू बदलताना जी सवलत शास्त्र देते ती देश बदलताना का नको? आम्ही आमच्यापुरता याला देशसंधी असा शब्द वापरतो. हा शब्द ग्रंथात नाही, आमचा आहे. कोणास आक्षेपार्ह वाटल्यास त्यांनी तो अवश्य खोडावा. पण प्रवेशाची अंतिम तारीख आणि पहिल्या व्याख्यानाची तारीख यांत विद्यार्थ्याला चार दिवसही मिळत नाहीत, ही वस्तुस्थिती खोडता येणार नाही. २०१७ पासून अखिल भारतीय पातळीवरील प्रवेशपरीक्षा सुरू झाली. त्यामुळे मुलांना पूर्वीपेक्षा दूरच्या जागा मिळू लागल्या आहेत आणि फेऱ्यांमागून फेऱ्या चालल्याने कोणास कोठे जावे लागेल हे अखेरपर्यंत कळत नाही.

हा संधिकाळ कसा साधावा, याचे उत्तर सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. अभ्यस्त झालेले अहित सोडून हिताचा स्वीकार पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाने करावा आणि मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवावे. वाग्भट तर चतुर्थांशाचाही चतुर्थांश सुचवितात. टीकाकारांत दिवसांच्या हिशेबाविषयी मतभेद आहेत, त्यांत येथे शिरत नाही. कोणी म्हणेल की शास्त्रात अहिताकडून हिताकडे जाणे सांगितले आहे आणि भाकरीकडून भिशीतल्या भाताकडे जाणे हे तसे नव्हे. मान्य. पण सात्म्य झालेले एकदम तोडू नये, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते असे आम्हांस वाटते.

व्यवहारात आम्ही पुढीलप्रमाणे सांगतो. घरून निघताना किमान दीड महिना पुरेल इतके पीठ आणावे, पुस्तके नंतर मागवावीत. पहिला आठवडा दोन्ही वेळच्या जेवणात मुख्य अन्न घरचेच. बाहेरचा भात वा रोटी चौथ्या हिश्श्याइतकी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निम्मे. मग तीन हिस्से. दिवसांऐवजी आठवडे घेतो, कारण येथे अन्नाबरोबर इतर दहा गोष्टी बदलत असतात. ज्यांना भाकरी थापता येत नाही (मुलगे तर नाहीतच, आता मुलींतही पुष्कळ) त्यांना ज्वारीच्या पिठाची आंबील किंवा उकड करावयास शिकवितो. स्टोव्हवर दहा मिनिटांत होते. ताजे, लोणी काढलेले ताक दुपारी. पाणी पहिला पावसाळा संपेपर्यंत उकळून, गार करून. एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मे आजार टळतात, असा आमचा अनुभव आहे. पुढे पावसाळ्यात शेवळे, टाकळा खावा; ज्या देशात राहावयाचे तेथील ऋतूची भाजी त्या देशाशी ओळख करून देते. मात्र ती शिजवावयाची कशी हे विकणारीलाच विचारावे. शेवळाला आंबट घातल्याशिवाय घसा सोडीत नाही, हे आम्ही स्वतः शिकलो आहोत.

हाच सातवा अध्याय वेगांविषयी आहे, हा योगायोग आम्हांस विलक्षण वाटतो. न धरावयाचे तेरा वेग तेथे सांगितले आहेत. पहाटेची लोकल पकडणारा विद्यार्थी त्यांतले किती धरतो याची मोजदाद करून पाहावी. मूत्र आणि पुरीष तर धरतोच. मुलींच्या बाबतीत घरून निघाल्यापासून विभागात पोचेपर्यंत पाणीच न पिण्याची रीत आहे, म्हणजे तृष्णाही धरली. क्षुधा धरली. निद्रा धरली. गेल्या काही वर्षांत मूत्रदाह, पाठदुखी अशा तक्रारी घेऊन आमच्याकडे आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनींत औषधापेक्षा घरून निघण्याची वेळ वीस मिनिटे अलीकडे आणणे अधिक उपयोगी पडले. वीस मिनिटे आधी उठा, एवढेच. पण हे सांगण्यासाठी कोणीतरी विचारावे लागते.

आणखी एक वेग आहे, बाष्प, म्हणजे अश्रू. ते रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची, भ्रम असे विकार होतात आणि त्यावर निद्रा, मद्य व प्रिय कथा हे उपचार सांगितले आहेत. मधला उपचार आम्ही विद्यार्थ्यांना सांगत नाही. पहिला त्यांना मिळत नाही. राहिल्या प्रिय कथा. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, नावापुढे वैद्य लागलेल्या मुलामुलींना घरची आठवण येते असे म्हणण्याची लाज वाटते. सहाध्यायी भिंतीकडे तोंड करून का निजत, हे आम्हांस तेव्हा समजले नाही.

झोपेविषयी दोन शब्द. रात्रपाळीतील जागरण रूक्ष. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून चार तास झोपणे हा सर्रास प्रकार आहे आणि त्याने अग्नी आणखी मंदावतो. वाग्भटांनी याचा नेमका तोडगा दिला आहे : जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, काही न खाता झोपावे. रात्रपाळी संपल्यावर न्याहारीपूर्वी दोन-अडीच तास मिळाले तरी पुष्कळ. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रूक्षही नाही आणि अभिष्यंदीही नाही, असेही ग्रंथकार सांगतात. तेव्हा परतीच्या गाडीत बसावयास मिळाले तर पुस्तक उघडू नये. उभे राहावे लागले तर तद्विद्यसंभाषा करावी. आमची अर्धी निदानपंचके डोंबिवली ते मुंब्र्यादरम्यान पाठ झाली.

खोलीसंबंधी एक गोष्ट कठोरपणे सांगतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. आमचे चिकित्सालय तेथून फार दूर नाही. त्यानंतर कोणत्याही विद्यार्थ्याला खोली दाखविताना आम्ही प्रथम इमारत पाहतो. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. ती पाहावी, खांबांच्या भेगा पाहाव्या, शेजाऱ्यांना विचारावे, मग भाडे आणि अनामत यांची बोलणी करावी. पाचशे रुपये वाचले म्हणून कोणी कोठेही राहू नये. आमची ती मागांवरची खोली आज पाहिली असती तर आम्ही स्वतःलाच तेथे राहू दिले नसते.

येथून खाडी ओलांडली की कल्याण. ज्यांचे बालपण तेथे गेले त्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकावयास फिलाडेल्फियास गेल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात वारल्या. क्षय हे कारण सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या जिद्दीविषयी आपण व्याख्याने देतो, ती द्यावीतच. वैद्य म्हणून मात्र आम्हांस त्या थंड देशातील खोली, अपरिचित अन्न आणि वर्षानुवर्षे घटत गेलेले बल यांचाच विचार अधिक येतो. त्यांना तेथे आपलेपणाने वागविणारी माणसे भेटली होती, तरीही असे झाले. आमच्या सहाध्यायांच्या खोलीत तर आपलेपणाचा माणूस म्हणून आम्ही होतो.

आमच्या काही व्यवसायबंधूंचे म्हणणे असे की विद्यार्थ्याने थोडे सोसलेच पाहिजे. आम्ही नाही का सोसले? हे वाक्य आम्हीही कैक वेळा उच्चारले आहे. परंतु ज्यांनी सोसले ते येथे बसून हे बोलत आहेत. ज्यांना सोसले नाही ते सभेस येत नाहीत. प्रत्येक मोठ्या शहरातील नाक्यावर आपल्यापैकी कोणी ना कोणी चिकित्सालय थाटलेले आहे. कल्याणला, ठाण्याला, पुण्याच्या पेठांत, नागपुरात. महिन्यातून एका रविवारी दोन नव्या विद्यार्थ्यांना घरी जेवावयास बोलाविणे, नाडी पाहणे, मलप्रवृत्ती विचारणे एवढे तरी होण्यासारखे आहे. या कामास निधी लागत नाही, समितीही लागत नाही. आम्ही २०११ पासून हे करीत आहोत. कधी पाच जण येतात, कधी एकही नाही. त्यांतल्या दोघांना आम्ही वेळीच घरी पाठविले, एक महिन्यासाठी. विभागप्रमुखांशी बोलून रजा मिळवून दिली. दोघेही परत आले आणि उत्तीर्ण झाले.

सहाध्यायांचा शोध आम्हांस पुढे एका विवाहसमारंभात लागला. ते आपल्या तालुक्याच्या गावी पदवीवरच व्यवसाय करतात; चांगला जम बसला आहे. दूरध्वनीवर आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते हसले. म्हणाले, "अहो, तुमच्या रुग्णपत्रकावरचे सगळे रुग्ण बरे झाले असतील. मी तुमच्या सतरंजीपासून दोन हातांवर झोपत होतो, मला एकदाही विचारलं नाही तुम्ही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मग त्यांनी विचारले, नाक्यावर कुड्याची फुले अजून येतात का? आम्ही म्हणालो, येतात.

तेव्हापासून दरवर्षी शाळू निघाला की त्यांच्याकडून ट्रान्सपोर्टने ज्वारीचे एक पोते आमच्या पत्त्यावर येते. यंदाचे आले आहे. अर्धे दळून आणले, डबे भरून झाकणांवर चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत. प्रवेशाची पहिली यादी अद्याप लागावयाची आहे.